बंद खोक्यातला ताजमहाल

खेळणे म्हटले की ते कधी ना कधी मोडणारच, हे आपण गृहीत धरलेले असते. जत्रेतून आणलेली पत्र्याची मोटार आठवडाभर चालली तरी पैसे वसूल झाले असे मानायची आपल्याकडची रीत. त्यामुळे कोणी एखादे महागडे खेळणे विकत घेतले, त्याचे खोके एकदाही न उघडता आठ-दहा वर्षे कपाटात ठेवले आणि मग ते मूळ किमतीच्या पाचपटीने विकले, असे कानावर आले तर ती थापच वाटेल. परंतु अमेरिकेत आणि युरोपात हा व्यापार राजरोस चालतो. ‘लेगो’ या डॅनिश कंपनीचे, उत्पादन बंद झालेले संच इंटरनेटवरील बाजारात विकत घेणारे आणि विकणारे लोक तेथे मोठ्या संख्येने आहेत. २०२१ च्या अखेरीस तर ‘सोन्यापेक्षा लेगो बरे’ अशा अर्थाच्या बातम्या अनेक वृत्तपत्रांतून झळकल्या.

हा व्यापार आपल्या दारचा नाही. आपल्या सरकारने खेळण्यांवरील आयातकर २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर व २०२३ साली ७० टक्क्यांवर नेला. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्हाची सक्ती झाली. त्यामुळे परदेशातून संच मागवून येथे नफा कमावण्याच्या गोष्टी कोणी सांगू लागला तर त्याने आधी हा आकडा पाहावा. मग या विषयावर लिहायचे कशासाठी? माझ्यापुरते कारण असे, की वस्तू साठवून ठेवणाऱ्या प्रत्येक माणसापुढे ‘केव्हा विकावे आणि कसे विकावे’ हा प्रश्न असतोच. उन्हाळ कांदा चाळीत भरणाऱ्या घरात मी वाढलो. तो प्रश्न आमच्या ओसरीवर दर वर्षी बसलेला असतो. खेळण्याच्या खोक्यात तो अधिक स्पष्ट दिसतो, कारण खोके सडत नाही. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास केला. तोच येथे मांडतो.

संच ‘निवृत्त’ का होतो?

लेगोची सुरुवात १९३२ साली डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले किर्क क्रिस्तियान्सेन नावाच्या सुताराच्या कारखान्यात झाली. ‘चांगले खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून हे नाव तयार झाले आहे. आरंभी तेथे लाकडी खेळणी होत. एकमेकांत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटेचे आजचे रूप कंपनीने १९५८ साली आपल्या हक्कात नोंदवले. तेव्हाची वीट आजच्या विटेतही नीट बसते. ही गोष्ट वरवर साधी वाटते. पण आपल्या विषयात ती महत्त्वाची आहे. जुना संच कितीही जुना झाला तरी त्याचे तुकडे निरुपयोगी होत नाहीत. म्हणून त्याची किंमत अगदी शून्यावर सहसा येत नाही.

कंपनी दर वर्षी शेकडो नवे संच काढते आणि जुने बंद करते. बहुतेक संच वर्ष-दोन वर्षे बाजारात राहतात, काही मोठे संच त्याहून अधिक. बंद करण्याची कारणे सरळ आहेत. दुकानाच्या फळीवर जागा मोजकीच असते; मुलांना नवे हवे असते; एखाद्या चित्रपटाच्या पात्रांचा वापर करण्याचा परवाना संपतो. उत्पादन थांबवलेल्या संचाला ‘निवृत्त’ म्हणण्याची त्या बाजारात पद्धत आहे. कंपनीच्या स्वतःच्या दुकानात काही संचांवर ‘लवकरच निवृत्त होणार’ अशी सूचनाही लागते. सूचना लागली की व्यापारी धाव घेतात. पुरवठा थांबला आणि मागणी राहिली तर किंमत चढते, हे तर अर्थशास्त्राच्या पहिल्या प्रकरणात आपण शिकतो.

पण येथेच थांबलो तर फसू. पुरवठा थांबणे आणि वस्तू दुर्मीळ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुर्मीळता कोण निर्माण करतो?

हा फरक समजण्यासाठी दुसऱ्या एका खेळण्याची हकीकत पाहू. अमेरिकेतील ‘टाय’ या कंपनीने १९९३ साली ‘बीनी बेबीज’ नावाचे मऊ कापडी प्राणी काढले. आत दाणे भरलेले, हातात मावणारे, पाच डॉलरच्या आसपास मिळणारे. ही कंपनी मधूनमधून एखादा प्राणी ‘निवृत्त’ झाल्याचे जाहीर करी. लगेच त्याची किंमत वाढे. नव्यानेच सुरू झालेल्या ‘ईबे’ या ऑनलाइन लिलावाच्या बाजारात त्यांची धूमधडाक्याने विक्री होऊ लागली. मुलांच्या शिक्षणाची तरतूद म्हणून आईबापांनी हे प्राणी प्लॅस्टिकच्या डब्यांत जपून ठेवले. गळ्यातल्या कागदी चिठ्ठीला सुरकुती पडू नये म्हणून तिलाही वेगळे वेष्टण घातले. १९९९ साली घटस्फोट घेणाऱ्या एका जोडप्याला न्यायालयाच्या जमिनीवर बसून हे प्राणी एकेक करून वाटून घ्यावे लागले. त्याच वर्षी कंपनीने वर्षअखेर सर्वच प्राणी निवृत्त होतील असे जाहीर केले आणि पुढे लोकांचे मत घेऊन ते पुन्हा चालू ठेवले. तोवर लोकांचा विश्वास उडत चालला होता. किमती कोसळल्या. घरोघर डबे भरून राहिले; घेणारा उरला नाही.

असे का व्हावे? उत्तर असे, की ज्या वस्तू सगळेच जपून ठेवतात त्या कधी दुर्मीळ होतच नाहीत. त्या फक्त दुकानातून नाहीशा होतात आणि कपाटात जातात.

लेगोचे नेमके उलटे झाले. विसाव्या शतकातले आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतलेही बहुतेक संच मुलांनी उघडले. तुकडे एकमेकांत मिसळले, काही हरवले, कागदी पुस्तिका फाटल्या, खोकी रद्दीत गेली. म्हणून जी थोडी खोकी न उघडता राहिली त्यांना भाव आला. म्हणजे साठवणाऱ्याच्या नफ्याचे खरे जनक ते खेळणारे मूल होय! त्याने आपले खोके फाडले नसते तर दुसऱ्याच्या बंद खोक्याला कोणी विचारले नसते. माझ्या मते या सबंध व्यापाराची किल्ली येथे आहे. पुढचे सर्व प्रश्न त्यावरूनच सुटतात.

पहिला प्रश्न, कोणता संच ठेवावा? जो मुलांच्या आणि हौशी मोठ्या माणसांच्या हातून उघडला जाईल, ज्याची पुढे आठवण होईल, आणि जो साठवण्यासाठी म्हणून फारसा कोणी घेतला नसेल, तो. २००७ साली ‘कॅफे कॉर्नर’ नावाचा, कोपऱ्यावरच्या उपाहारगृहाचा २,०५६ तुकड्यांचा संच निघाला. किंमत सुमारे १४० डॉलर. मोठ्यांसाठीच्या इमारतींच्या मालिकेतला तो पहिला. पुढे मालिका लोकप्रिय झाली. नंतरच्या इमारती घेणाऱ्यांना पहिली हवीशी वाटू लागली आणि बंद खोक्याची किंमत मूळ किमतीच्या दहापटीवर गेली. मात्र हे उदाहरण वाचून आज जो तो इमारतींचे संच साठवू लागला, तर त्या इमारती उद्याच्या ‘बीनी बेबीज’ ठरण्याचा धोका आहे.

केव्हा विकावे?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. समजा, एक संच ३०० डॉलरला घेतला. तिसऱ्या वर्षी त्याला ४८० डॉलर येतात, पाचव्या वर्षी ६०० आणि आठव्या वर्षी ६६०. (हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत.) कोणालाही वाटेल की किंमत चढतच आहे, तर थांबावे. पण चक्रवाढीने हिशेब केला तर तिसऱ्या वर्षापर्यंत दर साल सुमारे १७ टक्के वाढ पडते. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत ती साधारण १२ टक्के होते आणि पाचव्यापासून आठव्यापर्यंत जेमतेम ३ टक्के. हाच पैसा अन्यत्र सहा टक्क्यांनी वाढत असेल, तर पाचव्या वर्षानंतर खोके ठेवणारा माणूस किंमत चढत असतानाही तोट्यात आहे. त्याला तो तोटा दिसत नाही इतकेच.

यावरून नियम असा निघतो. ‘याहून अधिक किंमत कधी येईल?’ हे विचारू नये. ‘पुढच्या एका वर्षात या खोक्याची किंमत जितकी वाढेल, तितकी माझ्या पैशाची अन्यत्र वाढ होईल काय?’ असे विचारावे. उत्तर ‘होय’ आले की विकावे. सागाचे झाड केव्हा तोडावे, धान्य केव्हा काढावे, या सर्वांना हाच नियम लागू पडतो. शिखर गाठण्याची हाव धरणाऱ्याला शिखर मागे पडल्यावरच कळते की ते शिखर होते.

शिवाय वरच्या हिशेबात अजून खर्च धरलेला नाही. बाजार समितीत जशी अडत, हमाली, तोलाई असते, तशी ती ऑनलाइन बाजारातही असते. ईबेसारख्या ठिकाणी विक्रीच्या रकमेतून सुमारे १३ टक्के जातात. मोठ्या संचाचे वजन काही किलो असते. त्याचे बांधणीसामान आणि टपालखर्च वेगळा. पाचव्या वर्षीच्या ६०० डॉलरमधून ७८ डॉलर अडत आणि ४२ डॉलर पाठवणावळ वजा केली तर हाती ४८० राहतात. वर्षाला १५ टक्के वाटलेला नफा येथे १० टक्क्यांच्या आत येतो. ज्या खोलीत ही खोकी रचली तिचे भाडे तर अजून धरलेच नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी कोणाच्याच हिशेबात बसत नाही. तिच्यासाठी ताजमहालाची कथा सांगतो.

२००८ साली लेगोने आपल्या आग्र्याच्या ताजमहालाचा संच काढला. तुकडे ५,९२२, अमेरिकेतील किंमत सुमारे ३०० डॉलर. तुकड्यांच्या संख्येने तो तोवरचा सर्वांत मोठा संच होता. दोन-तीन वर्षांत तो निवृत्त झाला आणि किंमत चढू लागली. पुढे बंद खोक्यास मूळ किमतीच्या पाचपट आणि त्याहूनही अधिक पैसे मिळू लागले. पाचपट आठ वर्षांत झाली असे धरले तर दर साल सुमारे २२ टक्के पडतात. ज्याच्या कपाटात असा ताजमहाल होता तो स्वतःला शहाजहान समजत असेल तर नवल नाही! आणि २०१७ च्या नोव्हेंबरात कंपनीने तोच ताजमहाल नव्या क्रमांकाने पुन्हा बाजारात आणला. तुकडे ५,९२३, किंमत सुमारे ३७० डॉलर. जो संच घेण्यासाठी हजारांनी डॉलर मोजावे लागत, तो दुकानात रांगेने मिळू लागला. जुन्या खोक्याची किंमत घसरली. त्याच वर्षी ‘मिलेनियम फाल्कन’ या चित्रपटातील अंतराळयानाचेही असेच झाले. २००७ चा ५,१९५ तुकड्यांचा, ५०० डॉलरचा संच काही हजारांवर गेला होता. २०१७ मध्ये कंपनीने ७,५४१ तुकड्यांचे, अधिक देखणे यान ८०० डॉलरला काढले, आणि जुन्याची झळाळी ओसरली.

यात कंपनीचा दोष नाही. ज्या मुलांना आणि हौशी माणसांना परवडत नव्हते त्यांना त्यामुळे ते खेळणे मिळाले. परंतु साठवणाऱ्याने हे ओळखले पाहिजे, की आपल्या मालाचा भाव एका दूरच्या कचेरीतील एका निर्णयावर टांगलेला आहे. कांदा पिकवणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. २०२३ च्या डिसेंबरात निर्यातबंदीचा आदेश निघाला, आणि आदल्या दिवशीचा भाव दुसऱ्या दिवशी राहिला नाही. किंमत जितकी चढते तितका पुनर्निर्मितीचा मोह कंपनीला अधिक होणार, हे साधे तर्कशास्त्र आहे. म्हणून अतिशय चढलेला भाव हा थांबण्याचा नसून विकण्याचा इशारा मानावा. एकाच संचाची दोन खोकी असतील तर एक लवकर विकून मुद्दल मोकळे करावे. दुसऱ्यावर धीर धरावा.

कसे विकावे?

पहिली गोष्ट म्हणजे भाव ठरवणे. इंटरनेटवर कोणी किती किंमत मागितली आहे हे पाहून उपयोग नाही. मागणाऱ्याचे तोंड कोणी धरत नाही. प्रत्यक्षात किती किमतीला व्यवहार झाला ते पाहावे. ईबेवर झालेल्या विक्रीच्या नोंदी दिसतात. ‘ब्रिकलिंक’ हा केवळ लेगोचा असा ऑनलाइन बाजार २००० साली सुरू झाला, आणि २०१९ साली तो लेगो कंपनीनेच विकत घेतला. तेथे मागील सहा महिन्यांत कोणता संच, नवा की वापरलेला, सरासरी कितीला गेला याची यादी मिळते. तेथील दलाली ईबेहून बरीच कमी, पण गिऱ्हाईक जाणकार. ते घासाघीस करते. ईबेवर गिऱ्हाईक अधिक, दलालीही अधिक.

दुसरी गोष्ट विक्रीच्या रूपाची. सीलबंद खोके हे सर्वांत सोपे. पण उघडलेला संचही विकता येतो. तो पुस्तिकेमागील यादीवरून तुकडा-तुकडा मोजून घ्यावा आणि ‘पूर्ण’ हा शब्द मोजल्याशिवाय वापरू नये. तिसरा मार्ग सुट्या विक्रीचा. काही संचांत चार बोटांवर मावणाऱ्या छोट्या माणसांनाच सगळी किंमत असते. ती वेगळी विकून विटा वेगळ्या विकल्या तर एकूण रक्कम अधिक येते. मात्र त्यात श्रम फार. आपल्या वेळेला मोल नाही असे समजणाऱ्यालाच तो नफा मोठा वाटतो.

तिसरी गोष्ट वेळेची. नाताळापूर्वीचे नोव्हेंबर-डिसेंबर हे मागणीचे दिवस. जानेवारीत ती ओसरते. आपल्याकडे दिवाळीचे जे, तेच तेथे नाताळचे.

चौथी गोष्ट राखणीची. ऊन लागले तर पांढऱ्या आणि निळ्या विटांचा रंग बदलतो. ओलीने खोके फुगते. एकावर एक रचल्याने खालच्याचे कोपरे दबतात. कोपरा दबलेले खोके घेणारा संग्राहक नाक मुरडतो. पाठवताना खोके दुसऱ्या खोक्यात घालून, मध्ये भर देऊन पाठवावे, आणि घेणाऱ्याची सही होईल अशी व्यवस्था करावी.

पाचवी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खरे वर्णन. दबलेला कोपरा, सैल झालेली मोहोर, एखादा हरवलेला तुकडा, यांची छायाचित्रे आधी द्यावीत. या बाजारात खोट्या मालाचा सुळसुळाट झालेला आहे. ‘लेपिन’ नावाने चीनमध्ये निवृत्त संचांच्या हुबेहूब नकला निघत. त्यांत ताजमहालही होता. २०१९ साली तेथील पोलिसांनी छापे घातले आणि पुढच्या वर्षी सूत्रधाराला सहा वर्षांची शिक्षा झाली. अशा बाजारात अनोळखी माणसाच्या शब्दावर हजार डॉलर पाठवणारे गिऱ्हाईक खरे तर विक्रेत्याची पत विकत घेत असते.

सरासरीचे फसवे रूप

‘सोन्यापेक्षा बरे’ ही बातमी कोठून आली? मॉस्कोच्या ‘हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’ या विद्यापीठातील अभ्यासकांनी १९८७ ते २०१५ या काळातील २,३२२ न उघडलेल्या संचांच्या किमती तपासल्या. दर साल सरासरी किमान ११ टक्के वाढ त्यांना आढळली. मथळ्यात तेवढेच आले. पण त्याच अभ्यासात असेही आहे, की निरनिराळ्या संचांचा वार्षिक बदल उणे ५० टक्क्यांपासून अधिक ६०० टक्क्यांपर्यंत पसरलेला होता. जिल्ह्याचा सरासरी पाऊस चांगला झाला म्हणून आपल्या शिवारात तो पडलाच, असे होत नाही. आणि आणखी एक. तो काळ बहुतांशी मुलांनी खोकी फाडण्याचा काळ होता. ही बातमी वाचून लाखो लोकांनी खोकी साठवली तर पुढील सरासरी तीच राहील, असे मानायला आधार नाही. नफ्याची बातमी पसरणे हेच नफा आटण्याचे कारण होऊ शकते.

सारांश, हा व्यापार करायचा तर खरेदीच्या दिवशीच कागदावर तीन ओळी लिहून ठेवाव्यात: किती किमतीला विकणार, किती वर्षांनी भाव आला नाही तरी विकणार, आणि खर्च वजा जाता हाती किती राहणार. नंतर मन बदलते. कागद बदलत नाही. एका वर्षी आम्ही भाव वाढेल म्हणून थांबलो, आणि चाळ उघडली तेव्हा बराचसा कांदा कोंब येऊन वाया गेलेला होता. त्या रात्री वडील एवढेच म्हणाले, “चाळीत घालतानाच ठरवायला पाहिजे होतं.” पुस्तकात मी ‘सीमांत उत्पन्न’ हा शब्द पुढे शिकलो, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला होता.

आणि खोके विकले गेलेच नाही तर? कांद्याच्या आणि लेगोच्या साठवणीत एक फरक आहे, तो येथे कामी येतो. भाव न आलेला कांदा उकिरड्यावर टाकावा लागतो. भाव न आलेले खोके घरातल्या मुलापुढे ठेवून उघडता येते. मूल ताजमहाल बांधील, मोडील, चार तुकडे हरवील. ‘चांगले खेळ’ हाच त्या नावाचा अर्थ आहे. आणि त्या मुलाने ते खोके फाडल्यामुळे दुसऱ्या कोणाच्या तरी कपाटातले बंद खोके कणभर अधिक दुर्मीळ होईल.

— द्वितीय वर्ष बी. ए. (अर्थशास्त्र)